पूर आला की स्टाफ किती उरतो? रुग्णालयाच्या रोस्टरची तयारी, टप्प्याटप्प्याने

कोल्हापूर-सांगलीकडच्या बहुतेक रुग्णालयांत ‘आपत्ती आराखडा’ नावाची एक फाइल असते. आत स्टाफची नावं, हुद्दे आणि मोबाइल नंबर असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला आणि जवळपास आठवडाभर बंद राहिला, तेव्हा मी एका रुग्णालयात रोस्टर, म्हणजे कोणाची ड्युटी कधी याचं वेळापत्रक, लावत होते. आमच्या यादीतली माणसं धडधाकट होती, फोन उचलत होती, यायलाही तयार होती. पण त्यातली कितीतरी पंचगंगेच्या पलीकडे अडकली होती. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच झालं, आणि तेव्हाही कित्येक ठिकाणी फाइल तीच होती.

मेट्रन, इन्चार्ज सिस्टर, एचआर सांभाळणारे आणि छोटं नर्सिंग होम चालवणारे डॉक्टर यांच्यासाठी हे लिहिते आहे. उदाहरणं पंचगंगा-कृष्णेच्या काठची आहेत. तुमची नदी वेगळी असेल तर आकडे बदला, पण टप्प्यांचा क्रम मोडू नका. पहिले चार टप्पे मे महिन्यातच संपायला हवेत.

टप्पा १ : यादी घरांप्रमाणे करा

एचआरच्या फाइलमध्ये ‘कायमचा पत्ता’ असतो आणि पहिली चूक तिथेच होते. पत्ता गडहिंग्लजचा असतो, मुलगी मात्र कसबा बावड्यात कॉट बेसिसवर राहत असते. किंवा उलट, पत्ता शहरातल्या मामाचा आणि ती रोज वडणग्याहून येऊन-जाऊन करते. म्हणून प्रत्येकाला एकच साधा प्रश्न विचारा : आज रात्री तुम्ही झोपणार कुठे?

उत्तर वहीत लिहा. एका ओळीत एवढं हवं : नाव, काम, सध्या राहण्याची जागा, कामावर येताना नदी किंवा ओढा ओलांडावा लागतो का, नेहमीचा रस्ता, तो बंद झाला तर दुसरा रस्ता, आणि येणं स्वतःच्या गाडीने की एसटीने किंवा वडापने (शेअर जीपने). माझ्या वहीतली एक ओळ अशी होती : ‘सिस्टर, आयसीयू. वडणगे. शिवाजी पुलावरून. पूल बंद झाला की दुसरा रस्ता नाही. पतीची दुचाकी, पतीची फॅक्टरीत रात्रपाळी.’ रात्रपाळीचा तो शेवटचा उल्लेख फालतू वाटेल. पण पावसाच्या रात्री तिला आणून सोडणारं घरी कोणी नाही, हे त्यातूनच कळतं.

मग जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर लावून टिकल्या चिकटवा. नदीच्या अलीकडे हिरव्या, पलीकडे लाल, आणि घरातच पाणी शिरतं त्यांच्या पिवळ्या. कोल्हापुरात पिवळी टिकली म्हणजे सुतारवाडा, शाहूपुरीचा काही भाग, शहराबाहेर आंबेवाडी, प्रयाग चिखली. सांगलीत कर्नाळ रोड, दत्तनगर, गावभागाची खालची बाजू. सांगलीवाडीकडून येणाऱ्यांना आयर्विन पूल ओलांडावा लागतो, त्यांना लाल टिकली.

*तपासा :* बावडा-शिये रस्ता महामार्गाच्या बराच आधी बंद होतो. पन्हाळ्याकडचा केर्लीजवळ, गगनबावड्याकडचा बालिंग्याजवळ अडतो. तुमच्या स्टाफच्या रस्त्यांचा हा क्रम स्थानिक माणसांकडून लिहून घ्या. कोणता रस्ता आधी जातो, हे रोज त्यावरून येणाऱ्या मावशीला (वॉर्डातल्या मदतनीस बाईंना) डॉक्टरांपेक्षा नेमकं ठाऊक असतं.

टप्पा २ : घरी कोण आहे, हे एकेकाला बाजूला घेऊन विचारा

रस्ता चालू असूनही माणूस येत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा घरात असतं. तीन वर्षांचं मूल, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, गोठ्यात दोन म्हशी. म्हशींचं कारण ऐकून काही वरिष्ठ रागावतात. रागावू नका. पुराच्या गावात जनावरं उंचावर नेणं हे घरातल्या धडधाकट माणसाचंच काम असतं, आणि ती सोडून कामावर आलेल्या माणसाचं चित्त वॉर्डात राहत नाही.

ही विचारपूस मीटिंगमध्ये करू नका. सगळ्यांसमोर ‘पुरात कोण येणार?’ विचारलं की सगळे हात वर होतात, आणि त्या हातांवर रोस्टर उभं राहत नाही. मेट्रनने एकेकीला पाच मिनिटं बसवून घ्यावं. चार दिवस मुक्कामाला राहता येईल का? नाही, तर कशामुळे? ती अडचण रुग्णालयाने सोडवली तर जमेल का? स्वतःची काही औषधं चालू आहेत का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात कामाचं. ‘मुलाला घेऊन आले तर चालेल का?’ असं विचारणाऱ्या आमच्याकडे बऱ्याच जणी निघाल्या. एक रिकामी खोली, खाली गाद्या आणि मुलांकडे बघायला एक मावशी, एवढ्यावर चार-पाच नर्सेस मिळतात.

*सावध :* ही माहिती मेट्रनच्या कपाटात कुलपात राहील. कोणाच्या सासूला काय झालंय, हे वॉर्डभर झालं तर पुढच्या वर्षी कोणी खरं सांगणार नाही.

टप्पा ३ : वजाबाकी करा, मग उरलेल्यांवर काय चालेल ते ठरवा

हा टप्पा लोक गाळतात, म्हणून आकडे घालून दाखवते. समजा ५० खाटांचं रुग्णालय आहे, सगळा मिळून स्टाफ ८४.

नदीपलीकडे राहणारे ३१. उरले ५३. ज्यांच्या स्वतःच्या घरात पाणी शिरतं असे ९, ते पहिले दोन दिवस सामान हलवणार. उरले ४४. घरच्या कारणाने मुक्काम करूच शकत नाहीत असे ८. उरले ३६. गर्भवती, नुकतं ऑपरेशन झालेले, रजेवर असलेले मिळून ४. उरले ३२. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या केल्या तर एका पाळीला १६ माणसं.

आता ही १६ वाटून बघा. डॉक्टर १, कॅज्युअल्टीत सिस्टर २, सहा खाटांच्या आयसीयूत ३, वॉर्डात २, लेबर रूमला १, ओटी टेक्निशियन १, लॅबला १, फार्मसीत १, मावशी-मामा (मदतनीस) ३, जनरेटर आणि ऑक्सिजन बघणारा १. संपली. स्वयंपाकघराला माणूस उरला नाही, लिफ्टला नाही, गेटवर नाही. एखादीला ताप आला तर तिच्या जागी कोणी नाही.

हे मे महिन्यात कागदावर दिसलं तर उपाय आहेत. पुराचा इशारा आला की ठरवलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलायच्या. ओपीडी अर्धी करायची. घरी जाऊ शकणाऱ्या पेशंटना रस्ता चालू असतानाच सोडायचं, कारण रस्ता बंद झाल्यावर डिस्चार्ज दिलेला पेशंटही तुमच्याच खाटेवर राहतो. डायलिसिसचे पेशंट पाणी चढायच्या आत बोलावून घ्यायचे. दोन वॉर्ड एकत्र करायचे. कोणती सेवा सगळ्यात शेवटी बंद होईल आणि कोणती सगळ्यात आधी, याचा क्रम लिहून त्यावर प्रमुख डॉक्टरांची सही घ्या. सही नसेल तर ऐन वेळी प्रत्येक विभाग म्हणतो, आमचं बंद करू नका.

वजाबाकीत दोन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे फक्त डॉक्टर आणि सिस्टर मोजणं. डॉक्टर आहेत, सिस्टर आहेत, पण जनरेटर चालवणारा मामा पलीकडे अडकला, तर वीज गेलेल्या रात्री आयसीयू कोणाच्या भरवशावर? हे काम निदान तीन माणसांना यायला हवं : डिझेल कुठे आहे, वीज जनरेटरवर कशी वळवायची (चेंजओव्हर), ऑक्सिजनचा सिलिंडर कसा बदलायचा. त्यातला एक अलीकडे राहणारा असला पाहिजे.

दुसरी चूक, एकच माणूस दोन रुग्णालयांत मोजला जाणं. भूलतज्ज्ञ चार ठिकाणी जातात. काही सिस्टर तुमच्याकडे दिवसपाळी आणि दुसरीकडे नाइट करतात. प्रत्येक रुग्णालय त्यांना आपलं समजून बसतं. आधीच स्पष्ट विचारा : पुरात तुम्ही कुठे असणार?

टप्पा ४ : मुक्कामाची सोय आधी, ड्युटी नंतर

मुक्कामाला या, असं सांगून माणसाला कॉरिडॉरमध्ये चटईवर झोपवलं तर तो दुसऱ्या दिवशी घरी जायची वाट शोधतो. बायकांसाठी आतून कडी लागणारी वेगळी खोली आणि बाथरूम हवं. गाद्या, पांघरुणं, मच्छरदाण्या. साबण, सॅनिटरी पॅड, चार्जिंगचे बोर्ड. २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा कोल्हापुरात पाणीउपसा केंद्रं बुडून नळाचं पाणी बंद झालं होतं. तेव्हा स्टाफच्या आंघोळीचं आणि पिण्याचं पाणी पेशंटच्या पाण्याहून वेगळं मोजा.

जेवण कोरड्या शिध्यावर बेता : तांदूळ, डाळ, पोहे, शेंगदाणे, चहा-साखर, दूध पावडर, दोन जादा गॅस सिलिंडर. उपास करणाऱ्यांचा विचार करा, श्रावण बहुधा याच दिवसांत येतो. मेसचा आचारी पलीकडचा असेल तर अलीकडच्या कोणाला तरी पन्नास माणसांचा भात लावता येतो का, हे आधी बघून ठेवा.

प्रत्येकाने एक पिशवी भरून लॉकरमध्ये ठेवायची. चार दिवसांचे कपडे, चपला, स्वतःची औषधं, चार्जर, थोडे सुटे पैसे. जूनच्या पहिल्या आठवड्यात इन्चार्जने पिशव्या उघडून नाही, पण आहेत एवढं बघून घ्यावं.

टप्पा ५ : कोणत्या पातळीला बोलवायचं, तो आकडा आधी ठरवा

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ हेच आकडे ४० आणि ४५. २०१९ आणि २०२१ दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्याची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. पंचगंगा सहसा पायरीपायरीने चढते, आणि हा वेळ हीच आपली सगळ्यात मोठी सवलत आहे. ती वाया जाते, कारण ‘धोका पातळी आली की बघू’ असं ठरलेलं असतं. धोका पातळीला निम्मे रस्ते आधीच गेलेले असतात.

आकडा इशारा पातळीच्या खालचा धरा. आम्ही ३७ फूट धरला होता, आणि अट अशी की पातळी चढती हवी आणि पाणलोटात पाऊस चालू हवा. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की आकडा न बघता तयारी सुरू. सांगलीकरांनी कोयना धरणाच्या विसर्गाकडे असंच बघावं. बोलावणं कोण करणार, त्याचं नाव लिहा. तो रजेवर असेल तर दुसरं नाव. दोघांनाही वरिष्ठांना न विचारता निर्णय घ्यायचा अधिकार हवा. रात्री दोनला परवानगी मिळेपर्यंत शिवाजी पूल बंद होतो.

चुकून दोनदा उगाच बोलावलं गेलं तरी चालेल. त्यासाठी कोणाला बोल लावू नका.

टप्पा ६ : ‘जमेल त्यांनी यावे’ असा मेसेज टाकू नका

ग्रुपवर हा मेसेज पडला की तीस अंगठे येतात. त्यातले किती खरंच निघाले, हे संध्याकाळपर्यंत कळत नाही. एका माणसाने वही समोर ठेवून एकेकाला फोन करायचा. आधी लाल टिकल्या, म्हणजे पलीकडचे, कारण त्यांची वेळ आधी संपते. हिरव्या शेवटी.

फोनवर असं बोला : “ताई, आत्ता कुठे आहात? घरचे सगळे ठीक आहेत का? तुमच्याकडचा रस्ता चालू आहे का, स्वतः बघितला की ऐकलं? निघालात तर किती वाजता पोचाल? किती दिवस राहू शकाल? मुलांना आणणार आहात का?” घरच्यांची चौकशी आधीच करा, शिष्टाचार म्हणून नाही, तिथे अडचण असेल तर पुढचे प्रश्न विचारायची गरजच राहत नाही.

उत्तरापुढे चारपैकी एक खूण : निघाली, येऊ शकते पण आम्ही तूर्त थांबवलं, येऊ शकत नाही, फोन लागत नाही. फोन लागत नाही म्हणजे गैरहजर नव्हे. त्यांना दर सहा तासांनी पुन्हा लावा आणि घरच्या दुसऱ्या नंबरवर विचारा, कारण ती व्यक्ती स्वतःच संकटात असू शकते.

*सावध :* पुराच्या पाण्यातून चालत या, असं कोणालाही सांगू नका. पाण्याखाली उघडं मॅनहोल दिसत नाही. कोणी तसं आलंच, तर आधी पाय साबणाने धुवायला लावा, जखम आहे का बघा आणि लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लिन द्यायची का, ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. हे ७२ तासांच्या आत व्हायला हवं. गर्भवतींसाठी ही गोळी नाही.

टप्पा ७ : पहिल्या रात्री निम्म्यांना झोपवा

माझी सगळ्यात मोठी चूक इथली आहे. २०१९ ला जे जे पोचले, त्या सगळ्यांना मी लगेच ड्युटीला उभं केलं. सगळे उत्साहात होते, पेशंट येत होते, आणि मला वाटलं माणसं भरपूर आहेत. तिसऱ्या दिवशी पहाटे एक अनुभवी सिस्टर इन्फ्युजन पंपासमोर (शिरेतून औषध सोडणाऱ्या यंत्रासमोर) उभी राहून तोच आकडा पुन्हा पुन्हा वाचत होती. तिला विचारलं तेव्हा कळलं की ती दोन दिवसांत पाच तास झोपली होती. बदलायला माझ्याकडे कोणी नव्हतं, कारण सगळे तितकेच थकलेले होते.

तेव्हा आल्या आल्या दोन गट करा. एक ड्युटीवर, दुसरा खोलीत, कितीही गर्दी असली तरी. बारा तासांनी अदलाबदल, आणि मध्ये नीट ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंटची माहिती सोपवणं. ओव्हर लेखी हवा. थकलेल्या माणसाच्या तोंडी ओव्हरमधून नेमकं औषधच गळतं. प्रत्येक गटात जुनी आणि नवी माणसं मिसळा. कोण किती तास सलग जागं आहे, हे फळ्यावर खडूने लिहा, म्हणजे लपवता येत नाही. सोळा तासांच्या वर कोणी गेलं तर इन्चार्जने हाताला धरून झोपायला न्यावं. ‘मला चालतंय’ हे उत्तर ऐकू नका.

डॉक्टरांनाही हाच नियम. तो बहुतेक तिथेच मोडतो.

टप्पा ८ : पलीकडच्यांना पलीकडेच कामाला लावा

इचलकरंजीची सिस्टर कोल्हापूरला येऊ शकत नाही, पण इचलकरंजीतल्या रुग्णालयात चालत जाऊ शकते. तिथलाही स्टाफ कुठेतरी अडकलेला असतो. नदीच्या दोन्ही बाजूंच्या दोन-तीन रुग्णालयांनी मे महिन्यात एकमेकांना पत्र द्यावं : पुरात आमचा स्टाफ तुमच्याकडे हजर झाला तर सामावून घ्या, हजेरी कळवा, पगार आम्ही देऊ. सोबत प्रत्येकाच्या नोंदणीची आणि ओळखपत्राची प्रत. या एका पत्राने जितकी माणसं उपयोगी येतात, तितकी बोटीने आणता येत नाहीत.

ज्यांना आणावंच लागेल, म्हणजे एकुलता एक भूलतज्ज्ञ किंवा डायलिसिस टेक्निशियन, अशा चार-पाच नावांची यादी जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर आणि लेखी कळवा. चाळीस नावं पाठवलीत तर एकही येणार नाही.

टप्पा ९ : बाहेरून आलेली मदत

डॉक्टरांची पथकं येतात, विद्यार्थी येतात, मनापासून येतात. पण मेडिकल किंवा नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक बघितल्याशिवाय पेशंटला हात लावू देऊ नका. बाहेरच्या सिस्टरला पहिल्या पाळीत एकटीला वॉर्ड देऊ नका. तुमची क्रॅश ट्रॉली (तातडीच्या औषधांची गाडी) कुठे आहे, हे तिला माहीत नसतं. आमचा अनुभव असा की बाहेरच्यांना ओपीडी, ड्रेसिंग आणि छावण्यांतली तपासणी द्यावी, आणि आपली माणसं तिथून मोकळी करून आयसीयूत आणावीत.

पूर्वसूचनाच नसेल तर

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी काही तासांत बाजारपेठेवर चढलं. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, लोकल थांबल्या, आणि जो जिथे होता तिथेच रात्र काढता झाला. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास, माणसं झोपेत असताना झाला. अशा वेळी टप्पा ५ आणि ६ ला जागाच नसते. त्या क्षणी इमारतीत जेवढी माणसं आहेत, तेवढाच तुमचा स्टाफ.

म्हणून नाइट ड्युटी कधीही किमान संख्येच्या खाली जाऊ देऊ नका, विशेषतः पावसाळ्यात आणि सणाच्या दुसऱ्या दिवशी. संपणाऱ्या पाळीला थांबवून ठेवा, पण दहा मिनिटं घरी फोन करायला द्या. घरच्यांचा आवाज ऐकल्यावर माणूस थांबतो. भूकंपात इमारत तपासल्याशिवाय स्टाफला आत बोलावू नका. आणि ज्याच्या घरचं कोणी ढिगाऱ्याखाली आहे, त्याला ड्युटीच्या यादीतून त्याच क्षणी काढा. त्याच्याकडून परवानगीचा अर्ज मागू नका.

टप्पा १० : पाणी ओसरल्यावर खरी टंचाई सुरू होते

रस्ता उघडला की सगळे येतील, हा अंदाज चुकतो. पाणी ओसरल्यावर पुढचे आठ-दहा दिवस माणसं सगळ्यात कमी असतात. मुक्कामी असलेले घरी पळतात, घरात गुडघाभर चिखल असतो, मुलांची शाळा बंद असते. त्याच वेळी ओपीडीत ताप, जुलाब आणि त्वचेच्या आजारांची गर्दी वाढते.

सोडायचा क्रम ठेवा. आधी पिवळ्या टिकलीवाले, कारण त्यांना चिखल काढायचा असतो आणि नुकसानीच्या पंचनाम्याला घरी हजर राहायचं असतं. तलाठी आले आणि घराला कुलूप असलं तर मदत लांबते. प्रत्येकाला पंचनाम्याच्या दिवशी सुट्टी मिळेल, हे आधीच लेखी सांगा. मग लहान मुलांच्या आया. मग सलग चार दिवस राहिलेले. त्यांच्या जागी पलीकडून आता येऊ शकणारे लाल टिकलीवाले ताजे असतात, त्यांनी पहिला आठवडा ओढायचा. हे अदलाबदलीचं रोस्टर पाणी चढत असतानाच लिहून ठेवा. ओसरताना लिहायला वेळ मिळत नाही.

मस्टरचं, म्हणजे हजेरीचंही इथेच मिटवा. पुरामुळे जे येऊ शकले नाहीत, त्यांचे ते दिवस त्यांच्या रजेतून कापू नका. जे मुक्कामी राहिले, त्यांचे जादा तास आणि कम्प ऑफ (बदली सुट्टी) त्याच महिन्यात नोंदवा. बायोमेट्रिक बंद असेल तर वहीतली सही धरा. एका वर्षी एका ठिकाणी अडकलेल्या मावशींचा तीन दिवसांचा पगार कापला गेला. पुढच्या जूनमध्ये त्यांना फोन केला तेव्हा त्यांनी रस्ता चालू असतानाही ‘बंद आहे’ असं सांगितलं, आणि मला त्यावर काही बोलता आलं नाही.

शेवटी वही उघडा. कोणता रस्ता किती फुटांना बंद झाला, कोण कुठून कसं पोचलं, कोणाची सोय झाली नाही, हे पंधरा दिवसांच्या आत लिहा. जुन्या टिकल्या काढून नव्या लावा. यंदा ज्यांचं घर गेलं, ते आता दुसरीकडे राहायला गेलेले असतील.